बर्फातलं इंजिन आणि मिरकरवाड्याचा मिस्त्री

कोलकात्यात पारा पंधरा अंशांवर आला की लोक माकडटोप्या बाहेर काढतात. न्यू टाउनच्या रस्त्यांवर सकाळी फिरायला निघालेले काका-काकू मफलर, स्वेटर, मोजे अशा पूर्ण तयारीत असतात. नोलेन गुडाचे संदेश दुकानात आले की थंडी आली, एवढंच इथल्या थंडीचं काम. उघड्यावरचं पाणी गोठणं ही गोष्ट इथे कुणी पाहिलेली नाही. मी मूळची रत्नागिरीची, मिरकरवाडा बंदराजवळची. आमच्याकडे तर बर्फ म्हणजे कारखान्यातून लादीने यायचा, मशीनमध्ये त्याचा चुरा व्हायचा आणि तो सुरमई-बांगड्याच्या पेट्यांवर पडायचा.

तरीही गोठवणाऱ्या थंडीत बोटीचं इंजिन कसं सांभाळायचं, या विषयावर आज मी तुमच्याशी अर्धा तास बोलू शकते. इथे माझी नोकरी कंटेंट रायटरची. गाद्या, विमा, केसांचं तेल, जे येईल त्यावर लिहायचं. पण हा विषय ऑफिसातून आला नाही, तो घरातून आला.

माझा दादा कॅनडात, ओंटारिओ प्रांतात, जॉर्जियन बेच्या काठावर बोटींच्या एका यार्डात मेकॅनिक आहे. गेल्या वर्षीचा हिवाळा त्याचा तिथला पहिलाच होता आणि नोकरी कायम व्हायची होती. घरावर कर्ज काढून तो गेला होता, त्यामुळे ती नोकरी एकट्या त्याची नव्हती. आणि आमचे बाबा मिरकरवाड्यात गेली तीस वर्षं बोटींच्या इंजिनांचे मिस्त्री आहेत. दादाने त्यांच्या हाताखाली काम शिकून, नंतर बंदर सोडून परदेशी जाणं त्यांना आवडलं नव्हतं. भांडण झालं नाही. आमच्या घरात भांडणं होत नाहीत, बोलणं कमी होतं. फोनवर "जेवलास का", "हो, तुम्ही?" आणि मग फोन आईकडे.

आधी मूळ मुद्दा सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. पाणी गोठताना फुगतं. साधारण नऊ टक्के. काचेची भरलेली बाटली फ्रीजरमध्ये विसरली की फुटते, ते ह्यामुळेच. आता गाडीच्या इंजिनाला गार ठेवायला रेडिएटर असतो, त्यात कूलंट असतं. बोटीच्या बऱ्याच इंजिनांना तसलं काही नसतं. बोट ज्या पाण्यात तरंगते तेच पाणी पंपाने ओढून इंजिनातून फिरवायचं आणि मागून बाहेर टाकायचं. फुकटचं पाणी, न संपणारं. पण बोट काठावर ओढली तरी इंजिनाच्या पोटात, पाइपांच्या वळणात, पंपात थोडं पाणी उरतंच. तापमान उणे झालं की ते गोठतं, फुगतं, आणि बिडाच्या लोखंडाचा ब्लॉक तडकतो. लोखंड फोडायला पाण्याला आवाजसुद्धा करावा लागत नाही.

सगळ्यात वाईट म्हणजे ते तेव्हा कळत नाही. नोव्हेंबरात राहिलेलं पाणी जानेवारीत ब्लॉक फोडतं आणि मालकाला कळतं मे महिन्यात, इंजिन चालू केल्यावर तेलात पाणी मिसळून ते दुधाच्या चहासारखं दिसायला लागतं तेव्हा. मग विचारणा होते, ही बोट बंद कुणी केली होती?

तिथे ऑक्टोबर-नोव्हेंबर म्हणजे हाच धंदा. एकामागून एक बोटी पाण्याबाहेर काढायच्या, इंजिनं हिवाळ्यासाठी बंद करायची, वर प्लास्टिकचं आवरण घालायचं. दादाने पहिल्यांदा मला हे सांगितलं तेव्हा मी म्हटलं, "अरे, म्हणजे शाकारणी!"

कोकणाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. पावसाळ्यात आमच्याकडे होड्या किनाऱ्यावर ओढून झापांनी झाकतात, आता झापांच्या जागी बहुतेक ताडपत्री आली, त्याला होडी शाकारणं म्हणतात. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. (इकडे बंगालच्या उपसागरात ती बंदी १५ एप्रिल ते १४ जून. दोन्ही किनाऱ्यांवर दिवस तेवढेच, एकसष्ट.) या दिवसांत बाबांचं अंगण इंजिनांच्या भागांनी भरलेलं असायचं. आई चुलीवर पाणी तापवायला जाताना इम्पेलरवरून पाय टाकून जायची.

ओंटारिओ आणि आपलं घड्याळ यांत हिवाळ्यात साडेदहा तासांचं अंतर असतं. दादाचे रात्रीचे आठ म्हणजे आमचे दुसऱ्या दिवशी सकाळचे साडेसहा. मी त्याच वेळी उठते, बाबा तर तोवर बंदरावर असतात. दादाला यार्डात दिलेली पुस्तकं इंग्रजीत. त्याला इंग्रजी येतं, पण जाड पुस्तकातलं वाक्य तो तीनदा वाचतो. त्याने एक दिवस मला पानाचा फोटो पाठवला, ह्याचा नेमका अर्थ काय? मी मराठीत लिहून दिला. मग माझ्या मनात आलं की हे बाबांनाच का विचारू नये. तीन-चार दिवस मी मध्ये निरोप्या होते. नंतर कंटाळून मी ग्रुप कॉल लावला आणि स्वतःचा माइक बंद केला.

बी.ए.ला इंग्रजी घेतलं तेव्हा बाबांनी विचारलं होतं, ह्याचा उपयोग काय. उत्तर मला तेव्हा सुचलं नव्हतं. इंजिनाच्या पुस्तकाचं भाषांतर हे उत्तर तर मुळीच सुचलं नसतं.

बाबांनी बर्फात गोठलेलं पाणी कधी पाहिलेलं नाही. पण शाकारणीचे त्यांचे नियम आणि त्या पुस्तकातले नियम मी एकमेकांशेजारी ठेवून पाहिले तर निम्मे तेच निघाले. इंजिन बंद करायचं तर तेल आधी बदलायचं, हंगाम सुरू होताना नाही. कारण वापरलेल्या तेलात आम्ल आणि ओल असते, ती दोन-चार महिने आतल्या भागांना खात बसते. गोड्या पाण्याने आतून धुवायचं. पंपातला रबरी इम्पेलर काढून ठेवायचा, नाहीतर त्याची पाती एकाच जागी दाबून राहून वाकडी होतात. गिअरचं तेल काढून बघायचं, ते पांढरट आलं तर सील गेलं, पाणी आत येतंय. आमच्याकडे ते पाणी बेअरिंग गंजवतं, तिकडे ते गोठून अख्खं खोकं फोडतं. बॅटरी काढून चार्ज करून ठेवायची.

फरक एवढाच की आमचा शत्रू मीठ आणि तिकडचा शत्रू थंडी. मिठाला वेळ लागतो. थंडीला एक रात्र पुरते.

बॅटरीचं मला नवल वाटलं होतं. पूर्ण चार्ज असलेली बॅटरी उणे पन्नासलाही गोठत नाही, पण उतरलेली बॅटरी उणे दहाच्या आसपासच गोठू शकते. कारण चार्ज उतरला की तिच्यातल्या आम्लाचं जवळजवळ पाणी होतं. बाबा म्हणाले, "म्हणजे रिकाम्या पोटी थंडी जास्त वाजते." दादा हसला. मला वाटतं त्या वर्षात तो बाबांसमोर पहिल्यांदा हसला.

काही गोष्टी मात्र बाबांना नव्या होत्या. उदाहरणार्थ पेट्रोल. बाबांची बहुतेक इंजिनं डिझेलची. तिकडच्या हौशी बोटी पेट्रोलच्या आणि पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेलं. इथेनॉल हवेतली ओल ओढतं, पाणी प्रमाणाबाहेर गेलं की ते इथेनॉलसकट टाकीच्या तळाशी वेगळं बसतं. म्हणून टाकीत स्टॅबिलायझर घालून इंजिन थोडा वेळ चालवायचं, म्हणजे ते औषध पार आतपर्यंत पोचतं. आपल्याकडेही पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असतं, तेव्हा ज्यांची स्कूटर महिनोन्‌महिने उभी असते त्यांनी हे वाचून ठेवावं.

आणि दुसरी नवी गोष्ट म्हणजे गुलाबी पाणी. प्रॉपिलीन ग्लायकॉल नावाचं, सरबतासारख्या रंगाचं द्रव. इंजिनातलं पाणी काढून त्या जागी हे भरतात. गाडीच्या कूलंटमध्ये सहसा एथिलीन ग्लायकॉल असतं, ते विषारी आणि वर गोड, कुत्र्यामांजरांनी चाटलं तर मरतात. हे गुलाबी त्या मानाने निरुपद्रवी, कारण वसंतात ते शेवटी तळ्यातच जाणार. त्याच्या डब्यावर उणे पन्नास असा आकडा असतो, तोही फॅरेनहाइट. लोकांना वाटतं त्या तापमानापर्यंत ते गोठत नाही. तसं नाही. ते त्याच्या बरंच आधी कुल्फीसारखं घट्ट व्हायला लागतं. आकड्याचा अर्थ इतकाच की तोपर्यंत पाइप फुटणार नाही. आणि तोही ते शुद्ध असेल तर. आत पाणी उरलं असेल तर ते पातळ होतं आणि आकडा खोटा ठरतो.

इथेच ती बोट आली.

नोव्हेंबरचा दुसरा आठवडा होता. रात्री तापमान उणे सातपर्यंत जाईल असा अंदाज आलेला. यार्डात अजून बऱ्याच बोटी बाकी, त्यातली एक जुनी, आठ सिलिंडरचं पेट्रोल इंजिन. अशा इंजिनाच्या ब्लॉकला दोन्ही बाजूंना खाली पाणी काढायचे प्लग असतात. दादाने उजवीकडचा प्लग काढला, पाणी भळभळ आलं. डावीकडचा काढला, काहीच नाही. दोन थेंब. सोबतचा जुना माणूस म्हणाला, रिकामा असेल, वरून गुलाबी ओत आणि पुढच्या बोटीकडे चल. तो वाईट माणूस नव्हता. त्याला आणखी पाच बोटी संपवायच्या होत्या.

दादाने फोन लावला. इथे पहाटेचे साडेतीन. मी झोपेतून उठून बाबांना जोडलं. त्यांना काही समजावून सांगावं लागलं नाही.

"उजवीकडून पाणी आलं?"

"आलं, बाबा."

"डावीकडून नाही?"

"नाही."

"मग ते गेलं कुठे?"

दादा गप्प.

"अरे, दोन्ही बाजू सारख्याच ना? एका बाजूला आहे आणि दुसऱ्या बाजूला नाही असं कसं होईल? आत आहे ते. भोक बुजलंय. तार घाल."

दादाने तार घातली. आधी गंजाचा चिखल आला, मग वाळू, मग आणखी तार ढोसल्यावर पाणी. दोन तांबे तरी असेल, दादा म्हणाला. त्याने तो चिखल हातावर घेऊन कॅमेऱ्यासमोर धरला. बाबांनी मिरकरवाड्यातल्या अंधारात तो बघितला आणि म्हणाले, "आपल्याकडे शिंपल्यांचा चुरा निघतो."

नंतर गुलाबी पाण्याबद्दलही त्यांनी एक प्रश्न विचारला, जो पुस्तकात चौकटीत छापलेला होता आणि मी त्यांना वाचून दाखवलेला नव्हता. इंजिन गार असताना ते ओढून घेतलं तर आत जाईल का? थर्मोस्टॅट बंद असेल ना? बरोबर. बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट बंद असताना ते द्रव ब्लॉकमध्ये न शिरता बाजूने फिरून मागच्या पाइपातून बाहेर पडतं. मागून छान गुलाबी धार दिसते आणि आत पाणी तसंच. म्हणून एकतर इंजिन आधी गरम करायचं, नाहीतर सगळं काढून टाकून नळ्या सोडवून हाताने भरायचं. बाबांनी हे तीस वर्षं थर्मोस्टॅट बदलून शिकलंय, गुलाबी पाणी न बघता.

त्या इंजिनाची किंमत दादाच्या कित्येक महिन्यांच्या पगाराएवढी होती. ब्लॉक फुटला असता तर कागदावर सही त्याची होती.

ह्यानंतर बाबांना थंडीचा नादच लागला. मला मेसेज यायचे, आपल्याकडे कुठे असं होतं का बघ. मी शोधून सांगितलं, लडाखमध्ये. पँगाँग सरोवर चार हजार मीटरहून उंच आहे आणि खारं आहे. खारं पाणी शून्याला गोठत नाही, समुद्राचं पाणी उणे दोनच्या आसपास गोठतं. पण लडाखच्या हिवाळ्याला तेवढा फरक म्हणजे काहीच नाही, सरोवर गोठतंच. इतकं की फेब्रुवारी २०२३ मध्ये तिथे बर्फावरून २१ किलोमीटरची अर्धमॅरेथॉन झाली, लुकुंग ते मान गावापर्यंत. आणि त्या सरोवरात सैन्याच्या ज्या नव्या बोटी आहेत त्यांतल्या काही आपल्या शेजारच्या, गोव्यात बांधलेल्या! गोवा शिपयार्डशी गस्तीच्या बारा वेगवान बोटींचा करार जानेवारी २०२१ मध्ये झाला. गोव्याच्याच ॲक्वेरियस शिपयार्डने जवान वाहून नेणाऱ्या बोटी बांधल्या, त्या ऑगस्ट २०२२ मध्ये संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांनी सैन्याला सोपवल्या. एका बोटीत ३५ जवान मावतात.

बाबांनी हे ऐकून एकच विचारलं. "डिझेल कुठलं घालतात?"

योग्य प्रश्न होता. डिझेलमध्ये मेण असतं, कडक थंडीत ते बाहेर पडतं आणि फिल्टर चोंदतो, म्हणजे इंजिन चांगलं असूनही उपाशी राहतं. लडाखसाठी इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये खास हिवाळी डिझेल आणलं, उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं, पानिपतच्या रिफायनरीतलं. त्याआधी तिथले लोक डिझेल पातळ ठेवायला त्यात रॉकेल मिसळायचे. हे बाबांना फार पटलं. रॉकेलवर त्यांचा विश्वास आहे.

आता मी राहते त्या शहराचा बर्फाशी संबंध शोधला नसता तर मला चैन पडलं नसतं. तो सापडलाही. १८३३ साली बॉस्टनहून 'टस्कनी' नावाचं जहाज तिकडच्या तळ्यांतला कापलेला बर्फ घेऊन कोलकात्याला निघालं. १८० टन भरला होता, चार महिन्यांनी हुगळीत पोचला तेव्हा सुमारे १०० टन शिल्लक. एकीकडे बर्फ वाचवायची धडपड, दुसरीकडे बर्फापासून वाचायची. न्यू टाउनच्या इको पार्कातल्या तळ्यात रविवारी बोटी फिरताना बघते तेव्हा वाटतं, ह्या बोटींच्या नशिबी किती सुख आहे.

बोटी बंद करून ठेवणं हे अर्धं काम. उरलेलं अर्धं म्हणजे थंडीत बोट चालवणं, आणि ते दादालाही करावं लागतं, कारण यार्डाची स्वतःची कामाची बोट सगळ्यांत शेवटी बाहेर निघते. तिला आउटबोर्ड इंजिन आहे. आउटबोर्डचं बरं असतं, ते सरळ उभं ठेवलं की पाणी आपोआप निथळून जातं. म्हणून काम झालं की ते तिरपं वर उचलून ठेवायचं नाही, खाली सोडून निथळू द्यायचं. सकाळी किल्ली फिरवायच्या आधी इंजिनाचा खालचा भाग थोडा वेळ पाण्यात बुडवून ठेवायचा. तळ्याचं पाणी गोठलेल्या इंजिनापेक्षा गरम असतं! पंपात रात्रीचा थेंबभर बर्फ असेल तर तो विरघळतो. नाहीतर इम्पेलर बर्फात अडकलेला आणि आपण इंजिन फिरवतो, पाती तुटतात. चालू झाल्यावर बाजूने पाण्याची बारीक धार येते का बघायचं. धार नाही तर लगेच बंद. पाण्यावर बर्फाचे तुकडे तरंगत असतील तर तेही गाळणीत अडकून पाणी रोखतात.

पण ह्या सगळ्या बोलण्यात आईला इंजिनात रस नव्हता. तिने एकदाच मध्ये तोंड घातलं, "आणि हा पाण्यात पडला तर?"

कॅनडात ह्यासाठी एक साधा हिशेब शिकवतात: एक, दहा, एक. गार पाण्यात पडल्यावर पहिलं एक मिनिट श्वास ताब्यात आणायचं, तोवर माणूस धापा टाकत असतो आणि पाणी नाकातोंडात जातं. पुढची दहा मिनिटं हातपाय कामाचे राहतात, त्यात बाहेर पडायचा प्रयत्न करायचा. आणि बेशुद्ध पडायला साधारण एक तास. अंगात जाकीट नसेल तर तो तास मिळत नाही, कारण हातपाय थांबले की माणूस बुडतो. आमच्या बंदरावर जाकीट घालणाऱ्याला हसतात, पोहता येत नाही का म्हणून. बाबाही हसणाऱ्यांतलेच. आईला मी फक्त जाकिटाचं सांगितलं, मिनिटांचं नाही. बाबांना सगळं सांगितलं. त्या दिवसापासून ते रोज दादाला "जेवलास का"च्या ऐवजी "घातलंस का" विचारतात. आणि मनगटाला बांधायची ती दोरी, माणूस पडला की इंजिन बंद करणारी, तिच्याबद्दलही.

ती आठ सिलिंडरची बोट मे महिन्यात पाण्यात उतरली. दादाने व्हिडिओ कॉल लावून इंजिन चालू केलं. बाबांनी फोन कानाला लावला. मी ओरडत होते, बाबा, कानाला नको, स्क्रीनकडे बघा. त्यांनी हाताने गप्प केलं. थोडं ऐकून म्हणाले, "पाचवा जरा मागे आहे. प्लग बघ." दादाने बघितला. खराब होता. नोकरी जूनमध्ये कायम झाली.

अजून एक सांगायचं राहिलं. बाबा ज्या बोटीचा इम्पेलर किंवा प्लग काढून ठेवतात तिच्या सुकाणूला लाल फडकं बांधतात. म्हणजे दुसरा कुणी येऊन इंजिन सुरू करत नाही. दादा तिथेही तेच करायला लागला. मॅनेजरने विचारलं हे काय, त्याने सांगितलं. ह्या ऑक्टोबरात यार्डातल्या सगळ्या बोटींना लाल फडकं आहे. तिथे लाल कापड महाग मिळतं म्हणून आईने कुळथाच्या पिठाबरोबर जुन्या साडीच्या चाळीस पट्ट्या कापून पाठवल्यात, प्रत्येकीला कड दुमडून शिवण घातलेली. पार्सलच्या कागदावर आत काय आहे ते इंग्रजीत मलाच लिहावं लागलं.